स्प्रिंगर ते फॉन्टाना : वीस दिवसांचं गणित

होस्टेलवर ट्रेकचं प्लॅनिंग कसं होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. शुक्रवारी रात्री मेसमध्ये कुणीतरी ‘राजगड-तोरणा?’ म्हणतं, चार सॅका भरल्या जातात आणि पहाटेची एस.टी. पकडली जाते. दोन दिवसांच्या ट्रेकला एवढं पुरतं. पण तीन आठवडे चालायचं असेल तर? कॉलेज सोडून बरीच वर्षं झाली, सध्या नोकरीनिमित्त अमेरिकेत आहे. गेल्या एप्रिलमध्ये मी आणि माझा जुना रूम पार्टनर (तो पुण्याहून खास आला होता) अ‍ॅपलाचियन ट्रेलचा दक्षिणेकडचा एक टप्पा चाललो. त्याचं गणित कसं मांडलं, ते सांगतो.

आधी ओळख. अ‍ॅपलाचियन ट्रेल ही जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत जाणारी पायवाट. १४ राज्यं, सुमारे ३,५०० किलोमीटर. बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये वाट पूर्ण झाली. एका दमात सगळी चालणारे ते थ्रू-हायकर, त्यांना पाच-सहा महिने लागतात. आपल्यासारखे रजेवर जगणारे लोक ती तुकड्या-तुकड्यांनी चालतात, त्याला म्हणतात सेक्शन हाइक. वाट चुकायची फारशी भीती नाही. झाडांवर दोन इंच बाय सहा इंचांचे पांढरे पट्टे मारलेले असतात. निळे पट्टे दिसले की समजायचं, ही पाण्याकडे किंवा शेल्टरकडे जाणारी फाट्याची वाट.

आमचा टप्पा होता स्प्रिंगर ते फॉन्टाना धरण, सुमारे १६५ मैल. फॉन्टानालाच का थांबायचं? कारण त्यापुढे ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क सुरू होतं. तिथे मुक्कामाला परवाना लागतो आणि सेक्शन हायकरला कुठल्या रात्री कुठल्या शेल्टरमध्ये झोपणार हे आधीच ठरवून आरक्षण करावं लागतं. पहिल्याच खेपेला एवढं बांधून घ्यायला आम्ही तयार नव्हतो. महिना एप्रिल, कारण मार्चमध्ये थ्रू-हायकरांची जत्रा असते आणि रात्री हाडं गोठवणारी थंडी. एप्रिलच्या मध्याला गर्दी बरीचशी पुढे सरकलेली असते. झाडांना अजून पूर्ण पानं फुटलेली नसतात, त्यामुळे लांबवर डोंगर दिसतात. आणि झरे भरून वाहतात! सह्याद्रीत एप्रिल म्हणजे टाकी कोरडी पडायचे दिवस, इथे नेमकं उलटं. पाणी गाळून मात्र घ्यायचंच.

आता गणित. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम दिला : दर तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. म्हणजे १० मैल आणि २,५०० फूट चढ असेल तर साधारण साडेचार तास. पण पाठीवर तेरा किलो असताना हा हिशोब भलताच आशावादी ठरतो. आम्ही त्याला दीडने गुणलं, म्हणजे सात तास. त्यावरून दिवसाला सरासरी नऊ-साडेनऊ मैल बसवले. या वाटेवर सपाटी जवळजवळ नाहीच. डोंगरधारेवरून खिंडीत उतरायचं, पुन्हा चढायचं, पुन्हा उतरायचं. इथे खिंडीला ‘गॅप’ म्हणतात. रस्ते गॅपमधूनच जातात, म्हणून सगळं प्लॅनिंग गॅपवर टांगलेलं असतं.

पहिले तीन दिवस मुद्दाम आठ-आठच मैल. पाय हे काही पहिल्या दिवशी पूर्ण लोडवर चालवायचं मशीन नव्हे. त्यात एक फायदाही होता. जॅरार्ड गॅप ते नील गॅप या पाच मैलांच्या पट्ट्यात १ मार्च ते १ जूनपर्यंत मुक्काम करायचा तर अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या कडक डब्यातच ठेवावं लागतं. तो डबा किलोभर वजनाचा. आम्ही आधीच्या लान्स क्रीकला झोपलो आणि चौथ्या दिवशी ४,४५८ फुटांचा ब्लड माउंटन ओलांडून थेट नील गॅपला उतरलो. (डबा न्याच असं मी आता म्हणेन, अन्न झाडाला टांगायची रोजची कसरत वाचते. नियमही निघण्याआधी ताजे बघून घ्या.) नील गॅपला दगडी इमारतीत दुकान आहे, वाट चक्क त्या इमारतीतूनच जाते. बाहेरच्या झाडावर शेकडो जुने बूट लटकलेले. कित्येकांचा प्रवास इथेच संपतो.

खाण्याचा हिशोब माणशी दिवसाला ८०० ग्रॅम. ग्रॅममागे सरासरी साडेचार कॅलरी धरल्या तर ३,६०० होतात. साखर-तांदळात चारपेक्षा कमी, शेंगदाण्यात साडेपाचच्या वर, तुपात नऊ. म्हणून शेंगदाण्याचे लाडू, तळलेला चिवडा, आणि रात्रीच्या खिचडीवर तूप सढळ हाताने! सकाळी पातळ पोह्यांवर फक्त गरम पाणी ओतायचं, इंधन वाचतं. गॅसचं डबडं विमानात नेता येत नाही, ते तिथेच विकत घ्यावं लागतं. चार दिवसांचं अन्न ३.२ किलो, पाणी दोन किलो, बाकी सामान आठ. झाले तेरा किलो. सुती कपडा एकही नाही. ओला सुती शर्ट वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वीस दिवसांपैकी चालायचे अठरा आणि दोन मोकळे. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या तासाला ‘फ्लोट’ शिकवतात ना, तेच. हे दोन दिवस आराम म्हणून लिहिले होते, पण खरे होते ते डिक्स क्रीक गॅपसाठी. स्प्रिंगरपासून ६९ मैलांवरच्या या खिंडीतून हायवासी गावाला उतरता येतं. त्यापुढचा मोठा हमरस्ता मात्र थेट वाइंडिंग स्टेअर गॅपला, ४० मैलांवर. म्हणजे चार दिवस. मध्ये स्टँडिंग इंडियन हा ५,४९९ फुटांचा डोंगर. घरीच कागदावर लिहून ठेवलं होतं : माथ्यावर पाच अंशांखाली आणि सलग पाऊस असेल तर या पट्ट्यात शिरायचं नाही.

आम्ही हायवासीत पोचलो तेव्हा अंदाज होता, दोन दिवस पाऊस, नऊ अंश. पार्टनर म्हणाला, “अरे नऊच तर आहे, चल ना!” पण नऊ अंश गावाचे. गाव सुमारे ६०० मीटरवर, माथा १,६७६ मीटरवर. किलोमीटरमागे साडेसहा अंश धरले की माथ्यावर उरतात दोन. दोन अंश आणि पाऊस हे बर्फापेक्षा वाईट, कारण बर्फ झटकता येतो. ओला माणूस आधी कुडकुडतो, मग बोलताना अडखळतो, आणि शेवटी कुडकुडायचाही थांबतो. त्या वेळी जवळ रस्ता नसेल तर मदत यायला फार वेळ लागतो. बरंच वाजलं आमचं. तो दोन वर्षं पैसे साठवून आला होता, त्याला एकेक दिवस सोन्यासारखा. शेवटी कागद काढला. खाली दोघांच्या सह्या होत्या. दोन्ही मोकळे दिवस हायवासीतच गेले. तिसऱ्या दिवशी निघालो तर वर झाडांच्या फांद्यांवर बर्फाची कवचं होती, उन्हात तडतड फुटून अंगावर पडत होती.

याची किंमतही मोजली. फ्रँकलिनला ठेवलेली विश्रांती गेली आणि उतारांवर पार्टनरचा गुडघा सुजला. चढ दम काढतो, पण गुडघा खातो तो उतार. १३७ मैलांवर, नान्ताहाला नदीकाठी, आम्ही थांबलो. पुढे चेओआ बाल्डची तीन हजार फुटांहून मोठी चढण होती, आणि लंगडणाऱ्या माणसाला मी ती चढू दिली नसती. तो दोन तास नदीत पाय सोडून बसला, काही बोलला नाही. मग म्हणाला, “उरलेले २८ मैल तू एकट्याने करायचे नाहीस.” नाही केले.

तुम्हाला असं काही करायचं असेल तर निघण्याआधी दोन महिने एक चाचणी घ्या. तेरा किलो भरून राजगड-तोरणा करा, आणि दुसऱ्या दिवशी न थांबता तितकंच पुन्हा चाला. तिसऱ्या दिवशी सकाळी होस्टेलचे तीन जिने उतरताना गुडघा काय म्हणतो ते ऐका. चढताना नव्हे, उतरताना. पार्टनरची ही चाचणी सध्या चालू आहे.