घरातल्या साखरेचा हिशेब

रविवारी न्हाऊ घालताना माझी पत्नी आमच्या धाकट्याची मान काथ्याने घासायची. मानेच्या मागच्या वळ्या काळपट पडल्या होत्या. मळ समजून ती घासत राही आणि पोरगा रडत राही. पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मान पाहिली आणि म्हणाल्या, "ताई, हा मळ नाही. वजन वाढले की शरीरातले इन्सुलिन नीट काम करेनासे होते, त्याची ही खूण असू शकते. रक्त तपासून घ्या." मुलाचे वय 10, उंची 138 सेंटिमीटर, वजन 46 किलो. रक्तातली साखर सुदैवाने ठीक निघाली.

घरी माझ्या आईला काही हे पटेना. 1972 च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. मराठवाड्यात दुष्काळी कामावर खडी फोडायची. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर ते दिवस काढले. "अंगाने भरलेले लेकरू बघायला माझा बाप तळमळला, आणि तुम्ही त्याचे घास मोजता?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्या पुष्कळ घरांत हेच आहे. ज्यांनी उपास काढले, त्यांना गुटगुटीत लेकरू म्हणजे घराची आब वाटते.

पहिली चूक आम्ही नवरा-बायकोने केली. त्याला दोन पोळ्या मोजून वाढायच्या आणि मोठीने त्याच्यासमोर वडापाव खायचा. वर "जाड्या" म्हणून हाक. आठ दिवसांनी पत्र्याच्या पेटीमागे बिस्किटांच्या पुड्यांचे रिकामे कागद सापडले. दहा वर्षांचे पोर घरात चोरून खाऊ लागले, ते आमच्यामुळे.

डॉक्टरीणबाईंनी आम्हालाच फैलावर घेतले. म्हणाल्या, "वाढत्या वयात याला उपाशी ठेवू नका. वजन आहे तिथे थांबले तरी पुरे, उंची वाढत जाईल. आणि जे करायचे ते सगळ्या घराने करा."

माझा पेशा कारकुनाचा, तेव्हा हिशेबाला बसलो. आम्ही पाच माणसे, महिन्याला साखर पाच किलो. माणशी रोज 33 ग्रॅम. यात बिस्किटे, सरबत, थंडपेयाची बाटली धरलेलीच नाही! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही वरची साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास राहिली तर चांगले म्हणते. म्हणजे दोष एकट्या पोराचा कुठे होता? शिवाय रोज सकाळी मीच त्याच्या हातावर दहा रुपये ठेवत होतो. दोघेही कामावर, वेळ देता येत नाही म्हणून पैसे द्यायचे.

आता साखर अडीच किलो येते. सकाळचे चहा-बिस्कीट गेले. भाकरी-भाजी, उकडलेले अंडे किंवा मोडाची मटकी असते. मधल्या वेळेला फुटाणे, पेरू. पाच रुपयांची पुडकी बंद केली नाहीत. शनिवारी दोन आणतो आणि पाचहीजण वाटून खातो. जेवताना टीव्ही आणि मोबाईल बंद. पहिल्या आठवड्यात याचा सर्वांत जास्त त्रास मलाच झाला, हेही कबूल करतो.

खेळाचे काम अवघड होते. मुलांनी दिवसाला तासभर तरी अंग हलवावे असे सांगतात, पण दहा बाय बाराच्या खोलीत ते कुठे? शेवटी आईच उठली. संध्याकाळी विहारासमोरच्या पटांगणात ती नातवाला घेऊन जाऊ लागली. ती कट्ट्यावर बसते आणि लगोरीत कोण चिडतो यावर नजर ठेवते. पंधरा-वीस पोरे जमतात. खेळून दमलेला पोरगा रात्री साडेनऊलाच झोपतो.

आठ महिन्यांनी वजन तेवढेच, 46 किलो. उंची 142 सेंटिमीटर. मान अजून थोडी काळी आहे, पण आता तिला काथ्या कोणी लावत नाही.

एक काम राहिले आहे. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, तेलाचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षेचा नियम 2020 साली झाला. आमच्या पोरांच्या फाटकाला लागूनच तशी टपरी आहे. तिच्या मालकालाही पोरेबाळे आहेत, म्हणून त्याला आधी भेटलो. फुटाणे आणि केळी ठेवून बघतो म्हणाला. शाळेकडेही चौदा पालकांच्या सह्यांचा अर्ज दिला आहे. पंधराव्या ओळीवर आईचा अंगठा आहे.