नोकरीबरोबर विमाही जातो तेव्हा

आरोग्य विमा आजारपणात उपयोगी पडावा, ही साधी अपेक्षा. परंतु देशातील असंख्य नोकरदारांचा विमा हजेरीपटाला बांधलेला आहे. दीर्घ आजाराने हजेरी तुटली की नोकरी धोक्यात येते आणि तिच्याबरोबर विमाही.

बंगळुरूतील माझ्या एका मित्राची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले, शिल्लक रजा संपली आणि कंपनीने राजीनामा ‘सुचवला’. सेवेच्या अखेरच्या दिवशी समूह विम्याचे छत्रही मिटले. नवी पॉलिसी मागताना पहिला प्रश्न अर्थातच आजाराचा होता.

या संकटाची जाण आपल्या कायद्याला फार पूर्वीच होती. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपणाचा लाभ घेणाऱ्या कामगारास त्या काळात बडतर्फ करण्यास मनाई केली. या योजनेत वर्षाला ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कर्करोग, क्षयरोग यांसारख्या ३४ दीर्घ आजारांत, ठरावीक अटींवर, ८० टक्के भत्ता कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. मात्र २०१७ पासून योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१ हजार रुपये आहे. त्यापुढचा नोकरदार मालकाने घेतलेल्या समूह विम्याच्या भरवशावर राहतो.

विमा नियामकाच्या नियमांनुसार समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि आधी भरलेला प्रतीक्षाकाल वाया जात नाही. परंतु अर्ज वेळेत करावा लागतो, हप्ता स्वतः भरावा लागतो आणि विमा कंपनी प्रकृतीची छाननी करू शकते. अतिदक्षता विभागात पडलेल्या माणसाला किंवा त्याच्या धास्तावलेल्या घरच्यांना ही वाट कोण दाखवणार? ती चुकली, तर आधीच्या आजारासाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. डायलिसिस तीन वर्षे थांबत नाही.

म्हणून माझ्या मते दोन गोष्टी कायद्यानेच बंधनकारक व्हाव्यात. सेवा संपवण्यापूर्वी मालकाने या पर्यायाची लेखी माहिती द्यावी. आणि गंभीर आजारामुळे नोकरी सुटलेल्याला, हप्ता भरण्याची तयारी असल्यास, विमा कंपनीने छाननीविना सामावून घ्यावे. धडधाकट असताना त्याच्या नावाचा हप्ता स्वीकारणाऱ्यांनी तो आजारी पडताच पाठ फिरवू नये.