‘एलीमॉसिनरी’ म्हणजे धर्मादाय

अर्थ : दानावर चालणारे, दानाशी संबंधित. इंग्रजीत हा शब्द १७व्या शतकापासून आहे. बोलण्यात दुर्मीळ, कायद्यात टिकून. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८१९ मध्ये डार्टमथ कॉलेजला ‘एलीमॉसिनरी’ संस्था ठरवले.

मूळ : ग्रीक ‘एलिओस’ म्हणजे दया. त्यापासून ‘एलेमोसिने’, पुढे लॅटिन. इंग्रजी ‘आम्स’ (भिक्षा) याच कुळातला.

पोर्तुगीज ‘इश्मोला’ही त्यातलाच, आणि इथे मुंबईची उपनगरे जवळ येतात. १५३४ च्या वसई तहाने साष्टी बेट पोर्तुगीजांकडे गेले. आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर याच बेटावर. १७३७ मध्ये मराठ्यांनी ते जिंकले.

आजचा कायदा : महाराष्ट्राचा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०. गरिबी व संकटनिवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत ही धर्मादाय उद्दिष्टे. विश्वस्त संस्थांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे.

रुग्णांसाठी : राखीव खाटांच्या योजनेखालील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात विचारणा करावी.