कोर्टातला आपला कागद कसा शोधायचा आणि कसा मागायचा?



परवाना नूतनीकरणाचे, डिझेलचे कागद घेऊन आपली माणसं संस्थेत येत असतात. त्यातच कुणीतरी हळूच विचारतं, "आमच्या बापाच्या वेळची केस होती. निकाल आमच्याच बाजूने लागला म्हणतात. पण घरात कागद नाही. आता कुठे शोधायचा?"

हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही. किनाऱ्यावरच्या घराला नोटीस येते, होडीतल्या वाट्यावरून भावाभावांत बिनसतं, जप्त झालेली होडी सोडवायची असते, खलाशी समुद्रात बेपत्ता झाल्यावर घरच्यांना त्याच्या नावावरचं काही बदलून घ्यायचं असतं. प्रत्येक ठिकाणी समोरचा अधिकारी एकच मागतो: कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत. सगळ्या वाड्याला निकाल ठाऊक असला तरी त्या टेबलावर त्याचा उपयोग नसतो. म्हणून गोव्यातल्या आपल्या कुटुंबांसाठी ही माहिती एका जागी देतो आहोत.

आधी ठरवा: कागद कोणत्या कचेरीत आहे?

आपण सगळ्यालाच "कोर्टात केस आहे" म्हणतो. प्रत्यक्षात बरीच प्रकरणं कोर्टात नसतातच, आणि माणूस चुकीच्या दारात आठ-आठ दिवस फिरतो.

• जमीन, वाटणी, मनाई हुकूम, होडीच्या व्यवहारातले पैसे: हे दिवाणी न्यायालयात. तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे पेडणे, म्हापसा, वास्को, काणकोण अशा ठिकाणी, न्यायालयं आहेत. उत्तर गोव्याचं जिल्हा न्यायालय मेरशीला आणि दक्षिण गोव्याचं मडगावला. उच्च न्यायालय पर्वरीला.

• माणूस वारल्यानंतरची इन्व्हेंटरी: हीसुद्धा दिवाणी न्यायालयात. पण घरच्यांनी इन्व्हेंटरी न करता नुसतं वारसाहक्काचं डीड केलं असेल, तर तो दस्त सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात असतो. कोर्टात शोधून सापडणार नाही.

• मुंडकाराचं घर: 1975 च्या मुंडकार कायद्याखालचं प्रकरण मामलेदाराकडे चालतं. कागदही तिथेच मागायचा.

• बंदीत मासेमारी केली किंवा नियम मोडला म्हणून झालेला दंड: 1980 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालची कारवाई मच्छीमारी खात्यातून होते. आदेशाची प्रत आधी खात्यात विचारा.

• सीआरझेडची नोटीस: ती किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाकडून येते. पुढचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादात जातं. त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे.

घरात जुना समन्स, नोटीस किंवा वकिलाची पावती असेल तर तिचा माथा वाचा. कचेरीचं नाव तिथेच छापलेलं असतं.

मग शोधा: केसचा नंबर

कोर्टात नाव सांगून काम होत नाही, नंबर लागतो. नंबर ठाऊक नसेल तर "ई-कोर्ट्स सर्व्हिसेस" हे सरकारी ॲप मोबाईलवर घ्या, फुकट आहे. संकेतस्थळावरही हेच दिसतं. राज्य, जिल्हा आणि कोर्ट निवडलं की पक्षकाराच्या नावावरून, वकिलाच्या नावावरून, केस नंबरवरून किंवा पोलिसांच्या एफआयआर नंबरवरून शोधता येतं. नावावरून शोधताना निदान तीन अक्षरं आणि केस दाखल झाली ते वर्ष टाकावं लागतं. वर्ष नक्की आठवत नसेल तर पुढची-मागची वर्षं एकेक करून बघा. निकाल लागलेली केस असेल तर "निकाली" हा पर्याय निवडायला विसरू नका. पुष्कळांना केस दिसत नाही ती एवढ्याचसाठी.

आपल्याकडे आडनावाची अडचण मोठी. जुन्या कागदांवर इंग्रजी अक्षरं पोर्तुगीज वळणाची असतात. शिरोडकर "एस"ने नसून "एक्स"ने सुरू होतो. नाईकच्या शेवटी "के"ऐवजी "क्यू यू ई" येतं. परबांचं "पोरोबो" होतं. बापाचं आडनाव एका पद्धतीने आणि मुलाचं दुसऱ्या पद्धतीने, असंही असतं. म्हणून एका स्पेलिंगने सापडलं नाही तर सोडू नका. सगळी स्पेलिंगं टाकून बघा, विरुद्ध पक्षाच्या नावानेही बघा.

केस सापडली की तिथे 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर दिसेल. तो वहीत लिहून ठेवा, फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांना पाठवा. पुढे कधीही हा एकच नंबर टाकला की तारीख, आदेश, निकाल सगळं समोर येतं. केस चालू असेल तर ॲपमध्ये ती जपून ठेवता येते, म्हणजे पुढची तारीख विचारायला दर वेळी फोन करावा लागत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ॲपवरून उतरवलेला निकाल वाचण्यापुरता. बँकेत, खात्यात किंवा वरच्या कोर्टात तो प्रमाणित प्रत म्हणून चालत नाही.

खूप जुनी केस ॲपवर नसण्याची शक्यता असते. मग त्या कोर्टात जाऊन जुनी नोंदवही बघण्यासाठी विचारणा करावी लागते. तेव्हा दोन्ही पक्षांची नावं, अंदाजे वर्ष, आणि जमिनीची केस असेल तर सर्व्हे नंबर सोबत न्या.

अर्ज कसा करायचा?

कोर्टात नक्कल विभाग असतो. तिथे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज द्यायचा. अर्जात एवढं हवंच:

1. कोर्टाचं नाव, केसचा प्रकार, नंबर आणि वर्ष.
2. दोन्ही पक्षांची नावं.
3. केस चालू आहे की निकाली. निकाली असेल तर निकालाची तारीख.
4. तुम्ही त्या केसमध्ये कोण: वादी, प्रतिवादी, की त्यांचे वारस.
5. नेमका कोणता कागद हवा.
6. प्रत साधी हवी की तातडीची.

पाचव्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त घोळ होतो. "केसचे सगळे कागद द्या" असं लिहू नका. पानागणिक पैसे पडतात आणि वेळही जातो. निकालपत्र म्हणजे न्यायाधीशांनी कारणं देऊन लिहिलेला निर्णय. डिक्री म्हणजे त्यातून कुणाला काय मिळालं याचा औपचारिक हुकूम. दिवाणी केसमध्ये दोन्ही मागा. इन्व्हेंटरीमध्ये वाटणीचा तक्ता आणि तो मंजूर केल्याचा आदेश मागा, नाहीतर कुणाच्या वाट्याला काय आलं ते कागदावरून कळत नाही. साक्षीदाराची जबानी किंवा एखादा नकाशा हवा असेल तर त्याचा निशाणी क्रमांक लिहा. कोणत्या तारखेला काय घडलं एवढंच हवं असेल तर रोजनामा मागा.

अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि पानांप्रमाणे नकलेची फी भरावी लागते. खिडकीवर सांगतील तेवढेच पैसे भरा आणि पावती घ्या. मधल्या माणसाच्या हातात पैसे देऊन मोकळे होऊ नका. ओळखपत्र सोबत ठेवा. मूळ पक्षकार वारला असेल तर त्याचा मृत्यू दाखला आणि तुमचं नातं दाखवणारा कागदही न्या.

फौजदारी प्रकरणात थोडं वेगळं आहे. आरोपीला कैदेची शिक्षा झाली तर निकालाची प्रत त्याला लगेच आणि फुकट मिळते, तो त्याचा हक्क आहे. तक्रार देणाऱ्यालाही एफआयआरची प्रत फुकट मिळते. होडी जप्त झाली असेल तर ती सोडण्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा. नुसतं "साहेबांनी सोडायला सांगितलं" म्हणून जेटीवर कुणी दोर सोडणार नाही.

मुदत: इथेच आपली माणसं हरतात

निकाल विरुद्ध लागला तर अपिलाला मोजके दिवस असतात. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात जायचं तर 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस. सीआरझेडच्या आदेशाविरुद्ध हरित लवादात जायचं असेल तर 30 दिवस. हंगाम सुरू आहे, होडी बाहेर आहे, असं सांगून कायदा थांबत नाही.

पण कायद्याने एक सोय ठेवली आहे. नकलेचा अर्ज दिल्यापासून प्रत तयार होईपर्यंतचे दिवस अपिलाच्या मुदतीत धरत नाहीत. समजा, निकाल 1 तारखेला लागला, तुम्ही 10 तारखेला अर्ज दिला आणि प्रत 25 तारखेला तयार झाली. तर 10 ते 25 हे दिवस वगळले जातात. मात्र अर्ज देण्याआधी घरी बसून घालवलेले दिवस कुणी परत देत नाही. प्रत तयार होऊन खिडकीत पडून राहिली तर तेही दिवस तुमच्याच खात्यात जातात.

म्हणून निकालाच्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी, अर्ज द्या. प्रत घेताना तिच्यावरच्या तारखा वाचा: अर्जाची, तयार झाल्याची, दिल्याची. वकील त्या तारखांवरूनच मुदत मोजतात.

आपण पक्षकार नसू तर?

शेजाऱ्याच्या केसमध्ये आपल्या रस्त्याचा किंवा होड्या ओढायच्या जागेचा प्रश्न असतो. अशा वेळी त्रयस्थ म्हणूनही अर्ज करता येतो, पण प्रत कशासाठी हवी याचं कारण द्यावं लागतं, प्रतिज्ञापत्रही मागतात. मग कोर्ट ठरवतं.

काही जण सरळ माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात. न्यायालयातल्या खटल्याच्या कागदांसाठी हा रस्ता नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे की असे कागद उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागायचे. मच्छीमारी खातं, पंचायत, किनारी प्राधिकरण यांच्या फायलींसाठी मात्र माहिती अधिकार उपयोगी आहे. तिथे उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.

पोर्तुगीज काळातला कागद असेल तर

आजोबा-पणजोबांची इन्व्हेंटरी किंवा घराचा दस्त 1961 च्या आधीचा असेल तर तो पोर्तुगीज भाषेत असणार. अशा काळातले नोटरीचे दस्त आणि जन्माच्या नोंदी पुष्कळशा पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत, तिथूनही प्रमाणित प्रत मिळते. प्रत मिळाल्यावर जाणकाराकडून भाषांतर करून घ्यावं लागतं, तो खर्च आणि वेळ आधीच धरून चला. आणखी एक: उच्च न्यायालयाचं पीठ गोव्यात 1982 साली आलं. त्याआधीच्या अपिलाच्या कागदावर न्यायिक आयुक्तांच्या कोर्टाचं नाव दिसेल. कागद चुकीचा आहे असं समजून बाजूला टाकू नका.

कोर्ट सगळेच कागद कायम ठेवत नाही. ठरावीक वर्षांनी काही कागद नियमाप्रमाणे नष्ट करतात. "लागेल तेव्हा काढू" म्हणत राहिलो तर लागेल तेव्हा तो असेलच असं नाही.

पैसे नसतील तर

स्त्रियांना कायद्याची मदत फुकट मिळते, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही ती मिळते. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा असते. मासळी विकणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनींना हे माहीत नाही. त्यांनी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जावं किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा. नवरा समुद्रात बेपत्ता आहे आणि सात वर्षं काही खबर नाही, अशा बाईला तो मृत असल्याचं कोर्टातून जाहीर करून घ्यायचं असतं. तिने तर आधी इथेच जावं.

पुढचं काम एवढंच. 1 जून ते 31 जुलै बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात. ते दिवस जुन्या केसचा नंबर शोधायला, नक्कल काढायला वापरा. पण निकाल ताजा असेल तर बंदीची वाट बघू नका, आजच अर्ज द्या. प्रत हातात आली की प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीच्या रजिस्ट्रेशनबरोबर ठेवा, एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि कागद कुठे आहे ते घरातल्या बायकामुलांना सांगून ठेवा.

जुनी नोटीस, समन्स, पावती घरात सापडली आणि वाचता येत नसेल तर संस्थेत घेऊन या. कोणत्या कचेरीचा कागद आहे ते बसून बघू.