रात्रीची लाईन

दुपारी 3

शनिवारी माझा दिवस इथून सुरू होतो. उठल्या उठल्या पंखा बंद करतो आणि डाव्या कानाकडे लक्ष देऊन अर्धा मिनिट गप्प बसतो. आत एक बारीक शिटी वाजत असते. कालच्यापेक्षा वाढली नसेल तर चहा ठेवतो. ही शिटी मला मुंबईनं दिलेली नाही. बीबी गावातल्या एका वरातीत, सतराव्या वर्षी, मी डीजेच्या गाडीला टेकून दोन तास नाचलो होतो. पिकअपवर भिंतीसारखे रचलेले स्पीकरचे डबे, आणि मशीनवरचा लाल दिवा एकदासुद्धा न विझता पेटलेला. लाल दिवा म्हणजे आवाज फाटतोय, हे तेव्हा आमच्यात कुणाला माहीत नव्हतं. दोन दिवस काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी उजवा कान परत आला आणि डाव्यात ही शिटी राहिली. मी साऊंडच्या धंद्यात आलो तो तिच्यामुळेच.

साडेचार

आजच्या पार्टीचा पत्ता आला. नाचायला येणाऱ्यांना तो रात्री आठनंतर फोनवर मिळेल, आम्हाला थोडा आधी. रे रोडच्या बाजूचं एक रिकामं गोदाम. या पार्ट्यांना पोस्टर नसतं, जाहिरात नसते. एकानं दुसऱ्याला सांगायचं. परवानगी कुठवर आहे आणि कुठून पुढे नाही, हे आम्हा वायरी ओढणाऱ्यांना कुणी नीट सांगत नाही, आणि ते मला खटकतं.

सहा

आठ बेस, चार टॉप, मागच्यांसाठी दोन छोटे डबे. हमाल तिघं, चौथा मी. सगळं जोडून पहिल्यांदा चालू केलं तर घुंऽऽ असा आवाज. शेतातल्या डीपीजवळ उभं राहिलं की येतो, अगदी तसा. वीज सेकंदाला 50 फेरे घेते, आणि अर्थिंग बिघडलं की तीच वीज डब्यांतून बोलायला लागते. जनरेटरच्या अर्थिंगची वायर सैल होती. ती आवळली आणि गोदाम शांत झालं.

सात

मग दारं. गोदामाला तीन, त्यातल्या एकापुढे रिकामे क्रेट रचलेले. ते हलवल्याशिवाय मी पुढची वायर टाकत नाही, आयोजक कितीही घाई करो. 2017 च्या 29 डिसेंबरला, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, कमला मिलच्या गच्चीवरच्या पबला आग लागली आणि 14 जण गेले. कित्येक जण बाथरूममध्ये शिरले होते, तिथे धुरानं गुदमरले. आम्ही खोली मुद्दाम काळोखी करतो, तिच्यात धूर सोडतो आणि हाक ऐकू जाणार नाही इतका आवाज ठेवतो. अशा खोलीत माणसाला हाताच्या अंतरावर दार सापडायलाच हवं.

आठ

आता खरं काम. मागचे डबे पुढच्यांपासून वीस मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर चालतो, म्हणजे पुढचा ठोका मागे पोचायला 58 मिलिसेकंद घेतो. मागच्या डब्यांना तेवढं थांबवलं नाही तर मागच्या माणसाला एक ठोका दोनदा ऐकू येतो आणि पाय अडखळतो. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. लांबच्या धुऱ्यावर कुणी बाभूळ तोडत असलं की कुऱ्हाड आधी पडताना दिसते, आवाज मागून येतो. वेळ जुळेपर्यंत मी गोदामभर टाळ्या वाजवत फिरलो. मग बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. नियम सांगतो, वस्तीत रात्री 45 डेसिबल. पलीकडे चाळ आहे, तिथे बाळं झोपलेली असतात. बेस भिंतीतून जातो, टॉप जात नाही, म्हणून दोन डबे चाळीकडून वळवले.

दहा

दार उघडलं आणि लगेच बाबांचा फोन.

"जेवला का?"

"हाव. तुम्ही?"

"जेवलो. लाईन आली आत्ता. मोटर लावून आलो."

या आठवड्यात आमच्या फीडरला शेतीच्या विजेची रात्रीची पाळी आहे. हरभरा फांद्यांवर आला आहे, पाणी आत्ताच द्यावं लागतं. म्हणजे आज बाबाही रात्रभर जागे. बॅटरी, काठी, गळ्यात मफलर. बांधावर रोही आणि डुकरं, पाटाच्या कडेला साप.

"ते पेपरात येते तसलं तर नाही ना तुझं?"

ते दर खेपेला विचारतात. मार्च 2007 मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी पोलिसांनी पार्टीवर छापा घालून अडीचशेहून जास्त पोरंपोरी पकडली होती. रेव्ह हा शब्द गावात पोचला तो असल्या बातम्यांतून, गोळ्या आणि पावडरीच्या हिशेबासकट. मी बाबांना खोटं सांगत नाही. काही जण घेऊन येतात, मी घेत नाही. पण इथे जमणाऱ्या तीनशेतले बहुतेक जण नाचायलाच येतात.

बारा ते अडीच

हे तास सांगण्यासारखे नाहीत, ऐकण्यासारखे आहेत. मिनिटाला 130 ठोके. शब्द नाहीत, गाणं संपत नाही, एकातून दुसरं निघतं. कुणी डीजेकडे बघत नाही, कुणी मोबाईल वर धरत नाही. बँकेतली मुलगी, डिलिव्हरीवाला, सलूनमधला पोरगा, सगळे एकाच ठोक्यावर. गावात माझ्या वयाच्या पोरींना वरातीत असं मोकळं नाचता आलेलं मी पाहिलेलं नाही. इथे त्या डोळे मिटून नाचतात आणि त्यांना कुणी हात लावत नाही. मला या जागेची ओढ वाटते ती एवढ्यासाठीच.

माझी नजर मीटरवर. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये अशा ठिकाणांसाठी मर्यादा सांगितली: पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या आत. 85 डेसिबल आठ तास चालतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 वर उरतात पंधरा मिनिटं. डीजे खुणेनं अजून मागतो, मी 97 वर धरून ठेवतो आणि स्वच्छ ठेवतो. स्वच्छ आवाज कमी असला तरी छातीत भरतो. टेबलावर कानात घालायच्या बोळ्यांची बरणी आहे. आज ती अर्धी रिकामी झाली.

पावणेतीन

एक मुलगी बेसच्या डब्याला टेकून बसली. चेहरा तापलेला, दात आवळलेले. विचारलं नाही, काय घेतलं. मोकळ्या हवेत नेलं, घोटघोट पाणी, तिच्या मैत्रिणीला शोधून आणलं. गाडी तयार ठेवायला सांगितली. अर्ध्या तासानं तिनं आपलं नाव नीट सांगितलं तेव्हा मी मीटरकडे परतलो.

चार

डीजेनं वेग उतरवला आणि चरणजित सिंग यांचा भैरव लावला. ते मुंबईचे, हिंदी सिनेमांच्या गाण्यांत वाजवणारे वादक. 1982 मध्ये त्यांनी रोलंडच्या ड्रम आणि बेस यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. शिकागोत त्याच बेस यंत्रातून अ‍ॅसिड हाऊस निघालं, ते त्यानंतर काही वर्षांनी. इथे ती तबकडी फारशी कुणी विकत घेतली नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जगानं कान टवकारले. 2015 मध्ये ते गेले. पहाटेचा राग, पहाटेची वेळ, आणि त्यांच्याच शहरातलं गोदाम. मी टॉप किंचित उघडले. एवढं एक काम रात्रभरात स्वतःसाठी केलं.

साडेपाच

आधी मशीन बंद, मग मिक्सर. उलट केलं तर धप्प आवाजात डबे जातात. दिवे लागले. फरशीवर बोळे, बाटल्या, एक चप्पल.

सहा

बाबांचा फोन. मागे स्प्रिंकलरचं नोझल फिरतंय, टिक टिक टिक सर्र. मी फोन उजव्या कानाला धरला. एकाएकी ते थांबलं.

"गेली लाईन. चार पट्टे झाले, दोन राहिले."

"झोपा आता."

"पाईप उचलून ठेवतो, मग. तू?"

माझ्या बेचाळीस वायरी गुंडाळून मोजायच्या होत्या.