हाकेच्या अंतरावर

मराठीत अंतर सांगण्याची एक जुनी रीत आहे. एखादे घर किती दूर, असे विचारले की ‘हाकेच्या अंतरावर’ असे उत्तर मिळते. हे माप कोसांचे नाही आणि मैलांचेही नाही. ते भरवशाचे माप आहे. हाक मारली तर ती कोणाच्या तरी कानी पडेल, ऐकणारा आवाजावरून माणूस ओळखील, आणि ‘तुमचे घर कोठे?’ असे विचारण्याची त्याला गरज पडणार नाही, अशा तीन गोष्टी त्या एका शब्दप्रयोगात गृहीत धरलेल्या असतात. खेड्यात रात्री गंजीला आग लागली किंवा कोणाला पान लागले, की माणसे उठून धावत. कोठे धावायचे हे त्यांना ठाऊक असे.

मोठ्या शहरात ह्या तिन्ही गोष्टी सुटतात. बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड ह्या उपनगराचे उदाहरण घ्यावे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडेयर यांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांची एक छोटी शेतकरी वसाहत येथे उभी राहिली, आणि त्या समाजाचे पुढारी डेव्हिड इमॅन्युएल स्टार्केनबर्ग व्हाइट यांच्या नावावरून तिला हे नाव मिळाले. वर्तुळाकार आखलेल्या त्या वस्तीत कोणाची हाक कोणाला ऐकू जात नसेल असे संभवत नाही. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तंत्रज्ञान उद्यान आले, त्यामागून कंपन्या आल्या, वीस-वीस मजली इमारती आल्या आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत पुण्या-नागपुराकडची मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून बंगळूर मराठी माणसाला परके नाही. परंतु आज तेथे नोकरीसाठी राहणाऱ्या तरुणाला शेजारच्या दाराआड कोण राहते हे माहीत असेलच असे नाही. येथले पत्तेही खुणांवर चालतात. एक चौक ‘होप फार्म’ म्हणून ओळखला जातो, दुसरा ‘ग्रॅफाइट इंडिया’ ह्या कारखान्याच्या नावाने. नव्या माणसाला त्या नावांवरून काहीच उलगडत नाही. अशा ठिकाणी मध्यरात्री कोणाच्या छातीत कळ आली, तर हाक कोणाला मारावी? आणि ती ऐकणाऱ्याने धावावे तरी कोठे?

ह्या प्रश्नाला आधुनिक जगाने दिलेले उत्तर म्हणजे संकटकाळचा दूरध्वनी क्रमांक. हे उत्तर प्रथम सुचले ते एका दुर्घटनेतून. लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला १० नोव्हेंबर १९३५ रोजी आग लागली आणि तीत पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. समोरच राहणाऱ्या गृहस्थाने दूरध्वनी उचलला होता. परंतु त्या काळी आगीची वर्दी द्यायची असो की नाटकाचे तिकीट राखून ठेवायचे असो, हाक दूरध्वनी केंद्रातील त्याच कर्मचाऱ्याकडे जाई. आणि कोणाची निकड मोठी हे तिला कळण्यास काही साधन नव्हते. त्या गृहस्थाला ताटकळत राहावे लागले. त्याने वृत्तपत्राला पत्र लिहिले, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला.

हाच अंक का निवडला, ह्याचे कारण मनोरंजक आहे. १११ हा क्रमांक सोपा खरा. परंतु वाऱ्याने तारा एकमेकींवर आपटल्या तरी केंद्रात एक-एक-एक असे ठोके उमटत, आणि कोणीही न बोलावता बंब निघण्याची वेळ आली असती. उलट, ९ चे छिद्र शून्याच्या शेजारी असल्यामुळे धुरात किंवा काळोखात नुसत्या बोटांनी चाचपूनही ते सापडे. तरीही ९९९ चे खरे मर्म त्या अंकांत नव्हते. हा क्रमांक फिरवला की केंद्रात तांबडा दिवा लागे, भोंगा वाजे, आणि कर्मचारी हातातले सर्व काम बाजूला ठेवून ती हाक घेई. विम्पोल स्ट्रीटवर उणीव नेमकी ह्याचीच होती. ही सोय सबंध ब्रिटनभर पोचण्यास मात्र १९७६ साल उजाडले. अंक ठरवण्यास काही महिने पुरतात. अंकामागची व्यवस्था देशभर उभारण्यास चाळीस वर्षे लागू शकतात, हा ह्यातला धडा होय.

पुढे अमेरिकेत १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल ह्या लहानशा गावातून ९११ ह्या क्रमांकावरची पहिली हाक गेली. युरोपातील राष्ट्रांनी १९९१ साली ११२ हा समाईक क्रमांक स्वीकारला. एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या प्रवाशाला तेथला क्रमांक ठाऊक नसतो, ही त्यामागची अडचण. मोबाईल दूरध्वनीची यंत्रणा युरोपातच आकाराला आल्यामुळे ११२ हा अंक त्या यंत्रणेच्या नियमांतच विणला गेला. कुलूप लावलेल्या मोबाईलवरूनही तो फिरवता येतो, तो ह्याचमुळे.

भारतात परिस्थिती निराळी होती. येथे क्रमांकांची वाण नव्हती. उलट त्यांची गर्दीच होती. पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०२. त्यांत २००५ साली हैदराबादेत सुरू झालेल्या १०८ ह्या सेवेची भर पडली आणि एकेका राज्याने ती स्वीकारली. कर्नाटकात ती २००८ साली ‘आरोग्य कवच’ ह्या नावाने आली. महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांचा ताफा तिच्यासाठी ठरवण्यात आला.

ह्या गर्दीतही एका क्रमांकाची कहाणी मुद्दाम सांगण्याजोगी आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत प्राध्यापक असलेल्या जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने १९९६ साली रस्त्यावरच्या मुलांसाठी १०९८ ही ‘चाइल्डलाइन’ सुरू झाली. हिंदीत ‘दस-नौ-आठ’ असा उच्चारला की तो लहान मुलाच्याही तोंडी बसे. पण ‘चाइल्डलाइन’ देशभर पसरली ती त्या सुबक क्रमांकामुळे नव्हे. हाक येताच त्या मुलापर्यंत जाऊन पोचणारी संस्था आणि माणसे प्रत्येक शहरात आधी जोडली गेली, आणि मग क्रमांक तेथे पोचला. फलाटावरचे पोर स्वतःचा पत्ता सांगू शकत नाही. त्याला पत्ताच नसतो. त्याच्याकडे कोणीतरी चालत जावे लागते. २०२३ पासून केंद्र शासनाने ही सेवा आपल्या हाती घेतली आणि तिची सांगड ११२ शी घातली.

सबंध देशासाठी एकच क्रमांक असावा, ह्या विचाराला निकड आली ती डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या निर्भया प्रकरणाने. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने राष्ट्रव्यापी आपत्कालीन प्रतिसाद व्यवस्थेची शिफारस केली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये त्यासाठी ११२ हा अंक सुचवला. निर्भया निधीतून ३२१.६९ कोटी रुपये ह्या कामासाठी ठरले. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ ह्या शासकीय संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने तिची संगणकप्रणाली रचली. २८ नोव्हेंबर २०१८ रोजी हिमाचल प्रदेशात ती प्रथम सुरू झाली. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी आणखी सोळा राज्ये व केंद्रशासित प्रदेश तीत आले. महाराष्ट्र व कर्नाटक त्यानंतर आले, आणि आज सर्व छत्तीस राज्ये व केंद्रशासित प्रदेश तिच्या कक्षेत आहेत. दरम्यान नव्या मोबाईलमध्ये २०१७ च्या आरंभापासून संकटकाळची कळ असावी, असा नियम झाला. साध्या मोबाईलवर ५ किंवा ९ हा अंक दाबून धरला, किंवा स्मार्टफोनचे चालू-बंद करण्याचे बटण लागोपाठ तीनदा दाबले, की बोलता न येणाऱ्या माणसाचीही हाक जावी, हा त्याचा हेतू.

आता व्हाइटफील्डमधील त्या तरुणाने ११२ फिरवला असे समजू. त्याच्या मोबाईलचा क्रमांक नाशिकचा असला तरी हाक नाशिकला जात नाही. त्याचा मोबाईल ज्या मनोऱ्याशी जोडलेला असतो तो मनोरा कर्नाटकातला. म्हणून हाक कर्नाटकाच्या केंद्राकडे जाते. तेथे ती घेणारा कर्मचारी घटनेची नोंद करतो आणि ती वाहने पाठवणाऱ्या दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर धाडतो. कोणते वाहन कोठे उभे आहे हे त्याला नकाशावर दिसते. बंगळूर शहरात पोलिसांच्या गस्तीच्या गाड्यांना ‘होयसळ’ असे नाव आहे. त्यांपैकी जवळच्या गाडीला निरोप जातो. दुखणे असेल तर रुग्णवाहिकेला, आग असेल तर अग्निशमन दलाला. संकट कोणत्या खात्याचे आहे, हे ठरवण्याचा भार त्यामुळे हाक मारणाऱ्यावर राहत नाही. एकाच क्रमांकाचा हा सर्वांत मोठा लाभ होय.

तथापि, ही साखळी पहिल्याच कडीशी तुटू शकते. केंद्रातून येणारा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो: ‘आपण कोठे आहात?’ मनोऱ्यावरून जागेचा अंदाज येतो. पण तो दाट शहरात काही शे मीटरांचा, तर उघड्या माळावर काही किलोमीटरांचा असू शकतो. मोबाईलमधील उपग्रहाधारित यंत्रणा जागा अधिक नेमकी सांगते. परंतु काँक्रीटच्या भिंतींआड उपग्रहाचा संदेश क्षीण होतो, आणि जागा कळली तरी मजला कळत नाही. व्हाइटफील्डसारख्या ठिकाणी शे-दीडशे मीटरांच्या अंतरात शेकडो बिऱ्हाडे असतात. शिवाय हाक घेणारा प्रथम कन्नडमध्ये बोलेल. घाबरलेला माणूस मात्र आपल्या मातृभाषेत बोलू लागतो. म्हणून राहत्या इमारतीचे नाव, मजला, जवळची ठळक खूण आणि रस्त्याचे नाव स्थानिक उच्चारासह कागदावर लिहून दूरध्वनीजवळ चिकटवून ठेवणे, हा उपाय अगदीच साधा वाटला तरी कोणत्याही यंत्राइतकाच मोलाचा आहे. बोलण्याची सुरुवातही जागेपासून करावी. संभाषण मध्येच तुटले तरी निदान कोठे यायचे एवढे तरी कळलेले असते.

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने आणखी एक अडचण ध्यानात घेण्यासारखी आहे. मुलगा व्हाइटफील्डला आणि आई-वडील पुण्याला, अशी घरे आज गावोगावी आहेत. मुलाशी बोलता बोलता पलीकडे काही अघटित झाल्याचे आईला जाणवले आणि तिने पुण्याहून ११२ फिरवला, तर ती हाक महाराष्ट्राच्या केंद्राकडे जाईल. संकट दुसऱ्या राज्यात आहे, हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितले पाहिजे. त्याहून बरे म्हणजे मुलाच्या इमारतीच्या पहारेकऱ्याचा, एखाद्या शेजाऱ्याचा आणि तेथील पोलीस ठाण्याचा पूर्ण क्रमांक तिच्याजवळ आधीपासून असावा. उलट प्रकारही घडू शकतो. पुणे-बंगळूर महामार्गावर कागल आणि कोगनोळी यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे; पण मनोऱ्यांच्या लहरी सीमेची कमान पाहून थांबत नाहीत. तेथे अपघात झाला तर हाक पलीकडच्या राज्यातही पोचू शकते. गावाचे आणि जिल्ह्याचे नाव स्पष्ट सांगणे तेथे दुप्पट अगत्याचे ठरते.

साखळीची शेवटची कडी रस्त्यावर असते. गाडी निघाली तरी ती वाहतुकीत अडकू शकते. पोचली तरी वसाहतीच्या फाटकाशी नाव-गाव लिहून घेण्यासाठी थांबवली जाऊ शकते. रुग्णवाहिका येत आहे, हे फाटकावर कळवणे आणि एक माणूस रस्त्यावर उभा करणे, ही कामे कोणताही क्रमांक करू शकत नाही. तसेच, अपघात पाहणाऱ्याला पुष्कळदा साक्षी-जबाबाची भीती वाटते आणि तो हाक मारण्याचेच टाळतो. ह्या भीतीला आता कायद्यात जागा उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलम आले. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी खटला होऊ शकत नाही, आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला नाव सांगण्यास भाग पाडता येत नाही.

देशभर एक क्रमांक असणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु तो क्रमांक म्हणजे दाराची कडी. कडी वाजली की आत कोणीतरी जागे असले पाहिजे, त्याला वाजवणाऱ्याची भाषा कळली पाहिजे, त्याच्यापाशी धाडण्याजोगी गाडी हवी आणि गाडीला वाट हवी. ह्यांतील पुष्कळ गोष्टी शासनाने करावयाच्या आहेत, आणि त्यांसाठी नागरिकांनी शासनाला सतत विचारणा केली पाहिजे. काही गोष्टी मात्र ज्याच्या त्याच्या घरच्या आहेत. आपण राहतो त्या जागेचा पत्ता घरातल्या प्रत्येकाला, अगदी पाच वर्षांच्या मुलालाही, नीट सांगता येतो का, हे आज रात्री जेवणाच्या वेळी विचारून पाहावे. ज्याला आपली जागा सांगता येते, त्याच्यापासून मदत हाकेच्या अंतरावर येते.