नाका गेला, पोच उरली

मुलुंड, ऐरोली, वाशी, दहिसर. मुंबईच्या वेशीवरील या जकात नाक्यांवर एकेकाळी मालमोटारींच्या रांगा लागत. खिडकीवर बिल्टी, बिल आणि चलान यांची चळत पुढे करायची, शिक्का पडेपर्यंत थांबायचे, असा शिरस्ता होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर, अर्थात जीएसटी, लागू झाला आणि मुंबईची जकात इतिहासजमा झाली. नाक्यावरील तपासणीची जागा ई-वे बिलाने घेतली. १ फेब्रुवारी २०१८ रोजीचा त्याचा पहिला प्रयत्न संगणकप्रणाली पहिल्याच दिवशी कोलमडल्याने सोडून द्यावा लागला. अखेर १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीसाठी ते सक्तीचे झाले.

ई-वे बिलाची रचना साधी आहे. माल ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा असेल (महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी ही मर्यादा एक लाखाची), तर गाडी निघण्यापूर्वी संकेतस्थळावर दोन भागांत माहिती भरावी लागते. पहिल्या भागात मालाचा तपशील, बिल क्रमांक, किंमत आणि पोहोचण्याच्या ठिकाणाचा पिनकोड. दुसऱ्यात गाडीचा क्रमांक. त्यातून बारा अंकी क्रमांक तयार होतो. मोठ्या कंपन्यांना ऑक्टोबर २०२० पासून, तर पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना ऑगस्ट २०२३ पासून बिलेही ऑनलाइन नोंदवावी लागतात. त्यामुळे पहिला भाग बहुतांशी आपोआप भरला जातो. २०२१ पासून टोल नाक्यावरील फास्टॅगची नोंदही या यंत्रणेला जोडली गेली असून गाडी कोठून गेली हे कर अधिकाऱ्यांना कार्यालयात बसून पाहता येते.

खरी गोम आहे ती मुदतीत. सुरुवातीला दर शंभर किलोमीटरला एक दिवस मिळत असे. १ जानेवारी २०२१ पासून एका दिवसात दोनशे किलोमीटर धरले जातात. पुणे ते नागपूर या सुमारे सातशे किलोमीटरच्या प्रवासाला त्यामुळे चार दिवस मिळतात. गाडी नीट चालली तर हा अवधी पुरेसा आहे. मात्र घाटात कोंडी झाली, टायर फुटला किंवा माल उतरवून घेणारे गोदाम सुटीमुळे बंद असले, तरी संगणकाचे घड्याळ थांबत नाही. मुदत संपण्याच्या आठ तास आधी किंवा नंतर वाढ मागता येते. पण त्यासाठी कोणीतरी संगणकासमोर किंवा मोबाइलवर हजर हवे; स्टिअरिंगवरच्या चालकाकडून ही अपेक्षा बाळगणे अवघडच.

याचे टोक हैदराबादच्या एका प्रकरणात दिसले. ४ जानेवारी २०२० रोजी, शनिवारी, कागदाचा माल घेऊन निघालेली गाडी राजकीय मोर्चामुळे अडकली. दुकान बंद झाल्याने चालकाने माल घरी नेला. रविवार मध्ये आला आणि सोमवारी माल पोहोचवण्यास निघेपर्यंत ई-वे बिलाची मुदत उलटली होती. अधिकाऱ्याने गाडी अडवली आणि व्यापाऱ्याला कर व दंडापोटी ६९ हजार रुपये भरावे लागले. केवळ मुदत संपली म्हणून करचुकवेगिरीचा हेतू गृहीत धरता येत नाही, असे सांगत तेलंगणा उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला आणि खर्चाची रक्कमही वाढवली. पैसे परत मिळण्यास मात्र दोन वर्षे आणि दोन न्यायालये लागली. गाडीच्या क्रमांकातील एखादा आकडा वा नावातील स्पेलिंग चुकल्यास केवळ किरकोळ दंड घ्यावा, असे केंद्रीय मंडळाने सप्टेंबर २०१८ मध्येच कळवले होते. मुदतीच्या बाबतीत तशी सवलत त्या परिपत्रकात नव्हती.

सरकारला हवा होता कर, म्हणून कराचा कागद प्रथम संगणकावर गेला. वाहतूकदाराचे पोट ज्या कागदावर अवलंबून असते तो कागद वेगळाच आहे. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार वाहतूकदाराने माल स्वीकारताना तीन प्रतींत पावती द्यायची असते. व्यवहारात तिलाच बिल्टी म्हणतात. माल उतरल्यावर घेणाऱ्याने तिच्या एका प्रतीवर सही-शिक्का करून दिला की ती झाली 'पोच'. दोन पेट्या कमी, एक फुटलेली, असा शेरा त्यावर आला तर तेवढी रक्कम भाड्यातून कापली जाते. भाड्याचा काही भाग निघताना आगाऊ मिळतो आणि उरलेला पोच आल्यावर, असा या धंद्यातील रिवाज आहे.

मोबाइलवर काढलेले पोचेचे छायाचित्र चालक त्याच क्षणी मालकाला पाठवतो. काही कंपन्या ते स्वीकारतात, स्वतःच्या प्रणालीत चढवूनही घेतात. पण अनेकांचा लेखा विभाग मूळ प्रतीवरच अडून बसतो. शिक्का खरा आहे काय, शेरा नंतर खोडला तर नाही ना, ही शंका अगदीच अनाठायी नसते. मग ती प्रत कुरिअरने येते किंवा तीच गाडी परतीच्या फेरीत घेऊन येते. परतीचे भाडे दुसऱ्याच गावचे मिळाले, तर पोचही आधी तिकडे जाते. तोवर डिझेल, टोल आणि चालकाचा भत्ता गाडीमालकाच्याच खिशातून गेलेला असतो. एक-दोन गाड्यांच्या मालकाला बँकेच्या हप्त्याची तारीखही त्यात सांभाळायची असते.